शालनबाई जेवतात कधी?

चिखलीच्या शालनबाईंना कुणी "जेवलात का?" विचारलं, की त्यांचं डोकं फिरायचं. कारण त्या जेवलेल्या नसायच्याच.

पुरुष जेवल्याशिवाय बाईनं ताट घ्यायचं नाही, ही घरातली रीत. शेती होती तोवर ठीक होतं. तिघे भाऊ दुपारी एकदम येत, एकदम जेवत, मागोमाग बायका बसत. पुढं शेतावर कंपनी आली आणि तिघेही तीन शिफ्टना लागले. नवरा कोंडाजी पहाटे जाऊन चारला परते. मधला सयाजी एकला जेवून पळे. धाकटा ज्योतीराम रात्रपाळी करून यायचा, न जेवता झोपायचा आणि उठेल तेव्हा उठायचा. म्हणजे घरात सदा एक पुरुष उपाशी! शिफ्टा कंपनीनं बदलल्या, रीत कोण बदलणार? सासू अंबूबाई? राम म्हणा!

त्यात शालनबाईंना सातवा महिना. दोनदा चुलीपुढं भोवळ आली. डॉक्टरांनी वेळेवर जेवायला बजावलं, तर अंबूबाईंनी भलताच तोडगा काढला. सयाजीचं लग्न! हाताखाली जाऊ आली म्हणजे थोरलीला आराम.

नवी जाऊ विमल चाकणची. पाचव्याच दिवशी सयाजी जेवून गेला आणि तिनं सरळ ताट वाढून घेतलं.

"अगं, आत पुरुषमाणूस उपाशी निजलाय!" शालनबाई कडाडल्या. आपल्या तोंडून सासूच बोलली, हे कळून त्यांना स्वतःचाच संताप आला.

"माजं मानूस जेवून गेलं की," विमल म्हणाली. "तुमी कवा जेवता, जाऊबाई?"

"ह्यांना इचार!" शालनबाईंचा बांध फुटला. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या सासूकडं हात केला. "रीत सुनांना, आन् ह्या गुपचूप डब्यातलं खाऊन मोकळ्या!"

"कोण खातंय?" अंबूबाई उसळल्या. "मी काय बाई न्हाई व्हय? सकाळधरनं माज्याबी पोटात कण न्हाई!"

दोन वर्षं शालनबाईंनी या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आता राग तरी कुणावर काढायचा?

"मग आत्याबाई, सांगायचं न्हाई?"

"कुणाला सांगू? माज्या सासूला? तिला जाऊन धा वर्सं झाली."

शालनबाईंनी आणखी दोन ताटं मांडली. अंबूबाई उठल्या, ज्योतीरामच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं आणि ताटावर येऊन बसल्या.