द्वारकाबाईंचा एक हात आणि तीन दुर्बिणी

तिसरा तास चालू होता. सातवीच्या मुलींसाठी मी फळ्यावर बहिर्गोल भिंग काढत होते, इतक्यात शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "बाई, सफाळ्याहून माणूस आलाय तुमच्याकडे." व्हरांड्यात द्वारकाबाईंचे शेजारी उभे होते, चप्पल हातात घेऊन. का कोण जाणे, मी त्या चपलेकडेच बघत राहिले. "बाई गेल्या," ते म्हणाले. "सकाळी चहा घेऊन ओटीवर बसल्या होत्या. हाक मारली तर बोलेनात..." मी वर्गात परत गेले, फळा पुसला आणि मुलींना सोडलं. आज त्याला दीड महिना होऊन गेला. मला लिहिण्याची सवय नाही, विज्ञान शिकवणारी बाई मी. पण ज्या माणसाबद्दल मला आयुष्यात सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं, त्या माणसाबद्दल कुठेतरी लिहून ठेवलंच पाहिजे, असं रोज वाटत राहिलं.

द्वारकाबाई आमच्या पालघरच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांचा डावा हात लहानपणीच्या तापात लुळा पडलेला. तो पदराआड असायचा आणि सगळा संसार उजव्या हातावर. पेन्सिल गुडघ्यांत धरून टोक काढणं, एका हाताने वेणी घालणं, छत्री मानेत धरून डबा उघडणं... मी शाळेत नवी लागले तेव्हा त्यांच्या हातातला कागदांचा गठ्ठा घ्यायला धावले होते. त्यांनी तो दिला नाही. "नलू, मला मदत लागली की मी मागते," त्या म्हणाल्या. "मागितली नाही म्हणजे लागत नाही." माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई, पण त्या दिवसापासून आमची मैत्री जमली ती जमलीच.

त्यांना पक्ष्यांचं वेड होतं. वडील मिठागरावर कारकून, त्यामुळे चिखल्या, तुतारी, शेकाट्या ही मंडळी त्यांच्या अंगणातलीच. वडिलांच्या एका मित्राने महायुद्धानंतर विकायला निघालेली लष्करी दुर्बीण त्यांना आणून दिली होती. एडवणच्या किनाऱ्यावर मी ती पहिल्यांदा हातात घेतली आणि दचकलेच. किलोभर तरी वजन असेल. पितळी अंग, वरचं काळं कातडं कोपऱ्यांना उडालेलं, पट्टा मानेत रुतून लाल वळ उठवणारा. दोन डोळ्यांच्या दोन नळ्या वेगवेगळ्या फिरवून जुळवायच्या. एका हाताच्या माणसाने ती धरायची कधी आणि फिरवायची कधी? द्वारकाबाई बेचक्याची काठी बरोबर आणत, ती वाळूत रोवत, बेचक्यात दुर्बीण टेकवत आणि मग वाकून बघत. त्यात जाड भिंगांचा चष्मा. चष्म्यातून त्या दुर्बिणीत नाण्याएवढंच वर्तुळ दिसायचं. पण त्या नाण्यातून त्यांनी जी चित्रं काढली ती मी पाहिली आहेत. चिखल्याच्या पायावरचा एकेक खवला त्यांत होता.

एकदा समोरचा सुरय पक्ष्यांचा थवा उठला आणि मी ओरडले, "बाई, बघा, बघा!" त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि नुसत्या नजरेने थव्याकडे पाहत राहिल्या. "उडालेला पक्षी माझा नाही गं," त्या म्हणाल्या. "काठी उपटेपर्यंत तो लांब गेलेला असतो." आवाजात कुरकुर नव्हती. पण चाळीस वर्षं पक्षी बघणाऱ्या बाईने उडता पक्षी जवळून कधीच पाहिलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा आमच्या भागात परदेशी इंजिनिअर राहायला आले. त्यांच्यातल्या एकाची बायको, हेलन, घिवलीच्या किनाऱ्यावर रोज फिरायला यायची. उंच, उन्हाने लाल झालेली, डोक्यावर गवती टोपी. आम्ही बोईसरला गाडीतून उतरून एस्टीने आणि पुढे चालत घिवलीला पोचलो होतो, तेव्हा तिची आमची गाठ पडली. ती आधी काठीच्या बेचक्यातल्या दुर्बिणीकडे बघून हसली, मग तिचं लक्ष द्वारकाबाईंच्या हाताकडे गेलं आणि ती ओशाळली. पुढच्या रविवारी ती आपल्या दोन छोट्या दुर्बिणी घेऊन आली. एक जपानी, एक जर्मन. दोन्ही इतक्या लहान की मला आधी त्या खेळण्यातल्याच वाटल्या. तिला एकच दुर्बीण मायदेशी न्यायची होती आणि दोन्हींपैकी कोणती चांगली, याचा निर्णय होत नव्हता. "तुमच्यासारखं बघणारं माणूस मी पाहिलेलं नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही वापरून बघा आणि मला सांगा."

द्वारकाबाईंनी ते काम परीक्षेचे पेपर तपासावेत तसं केलं. दोन महिने, दर रविवारी. हेलन दुर्बीण पारखायची ती भिंतीवर वर्तमानपत्र लावून, कोणती अक्षरं किती लांबून वाचता येतात ते बघून. द्वारकाबाईंच्या वहीत भलत्याच नोंदी असायच्या. किती वेळाने मनगट भरून आलं. चष्म्याची काच भिंगावर घासते का. घामेजल्या बोटाखाली चाक सरकतं की निसटतं. चालताना ती छातीवर आपटते का. मी म्हटलं, "बाई, दोन्हींतून सारखंच तर दिसतंय." त्यांनी माझाच पदर घेतला, माझा डावा हात माझ्या कमरेशी आवळून बांधला आणि म्हणाल्या, "आता बघ."

जपानी दुर्बीण पिसासारखी होती. पण तिचं चाक पुढे, बोट ताणावं तेव्हा पोचणारं, आणि मधला सांधा सैल. एका हाताने धरली की दोन नळ्यांमधलं अंतर आपोआप बदलायचं आणि एकाचे दोन पक्षी व्हायचे. शिवाय चित्र थरथरत होतं, मला माझी नाडी दिसत होती म्हणा ना. जर्मन दुर्बीण थोडी जड. तिच्या सरळ नळ्या मुठीत अशा बसल्या की चाक आपसूक तर्जनीखाली आलं. डोळ्यांकडचं रबर दुमडता येत होतं, त्यामुळे चष्म्यातूनही पूर्ण वर्तुळ दिसलं. हेलनला वाटत होतं, एका हाताला हलकीच बरी. द्वारकाबाईंनी तिला त्यांच्या शाळकरी इंग्रजीत समजावलं की फार हलकी वस्तू हाताचं ऐकत नाही, तिला थोडं वजन असावं म्हणजे ती स्थिर राहते. नंतर मला मराठीत म्हणाल्या, "डोळ्याला लावल्यावर दुर्बीण हातात आहे हे विसरायला झालं पाहिजे. जोवर आठवण राहते, तोवर पक्षी अर्धाच दिसतो."

त्याच दिवशी एक सुरय आमच्या डोक्यावरून गेला. द्वारकाबाईंचा हात वर गेला आणि त्याच्याबरोबर वळत राहिला... समुद्रावर, खडकांवर, परत समुद्रावर. पक्ष्याने पंख मिटून पाण्यात सूर मारला तेव्हा त्यांच्या तोंडून लहान मुलीसारखा आवाज निघाला. दुर्बीण खाली आली तेव्हा चष्मा ओला होता. "नलू, सूर मारायच्या आधी तो मान वाकडी करून खाली बघतो," त्या म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं."

यानंतरचा प्रसंग सांगायचा म्हणजे मला अजूनही जपून सांगावा लागतो, कारण ऐकणाऱ्याला तो वाढवून सांगितल्यासारखा वाटतो. माघातली दुपार होती. उत्तरेचा वारा असा सुटला होता की समुद्र सगळा पांढऱ्या फेसाने भरलेला. भरती चढत होती. आम्ही तिघी खडकाच्या आडोशाला बसलो होतो. द्वारकाबाई कुरव पक्ष्यांचा एक थवा जर्मन दुर्बिणीतून पाहत होत्या, त्या एकदम थांबल्या. "होडी पालथी झालीय," त्या म्हणाल्या. "दोन माणसं आहेत. धरून आहेत होडीला." मी पाहिलं तर फक्त लाटा. हेलनने जपानी दुर्बीण लावली, इकडून तिकडे फिरवली आणि मान हलवली. तिला काही सापडेना.

"मी दुर्बीण खाली घेणार नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "घेतली तर परत मिळायची नाहीत ती. तू धाव."

मी वाळूतून धावले. हरी तांडेल नावाचा कोळी किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता. मोठ्या होड्या लांब गेलेल्या, गावात माणसं थोडी. मी धापा टाकत सांगितलं. तो उभा राहून कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिला. "बाय, आमाला तर काय दिसत नाय," तो म्हणाला. मग त्याचं तोंड उतरलं. "माजा मेव्हणा गेलाय दर्यातल्या खुंटाला बांधलेलं जाळं बघाया. त्यो नि त्याचा जोडीदार." आणखी काही न विचारता त्याने तिघांना हाका मारल्या आणि होडी ढकलली. पाण्यात शिरता शिरता ओरडला, "होडीतून आमाला लाटांपलीकडचं नाय दिसनार! किनाऱ्यावरनं दिशा दावा!" त्याच्या बायकोने वाळत घातलेलं पांढरं धोतर ओढून माझ्या हातात दिलं, आम्ही दोघींनी ते एका वल्ह्याला बांधलं आणि मी खडकावर चढले. ज्या बाजूला वल्हं वाकवीन त्या बाजूला होडी वळणार, एवढंच ठरलं.

त्यानंतर जे झालं त्याला हेलनच्या घड्याळाने पंचावन्न मिनिटं लागली. द्वारकाबाई माझ्या पायाशी खडकाला पाठ लावून उभ्या होत्या, उजव्या मुठीत ती छोटी दुर्बीण. प्रवाह त्या दोघांना दक्षिणेकडे ओढत नेत होता. "डावीकडे... अजून डावीकडे... बस. आता सरळ." लाट चढली की माणसं नाहीशी व्हायची, त्या श्वास धरून थांबायच्या, हात तसूभर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आहेत." हेलनने आपला कोट काढला आणि वाऱ्याच्या बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी तो पडद्यासारखा धरला, वारा बाईंच्या हाताला लागू नये म्हणून. अर्ध्या वाटेत मी विचारलं, "बाई, हात?" त्या म्हणाल्या, "हाताबद्दल बोलू नकोस. मला आठवण करून देऊ नकोस." त्यांच्या कोपराला कंप सुटलेला मला दिसत होता. पण मुठीतली दुर्बीण हलत नव्हती. एकदा त्या म्हणाल्या, "एकाचा हात सुटला," आणि मी डोळे मिटून घेतले. मग बऱ्याच वेळाने, "दुसऱ्याने केस धरलेत त्याचे. उजवीकडे, नलू, वाकव, जास्त वाकव!" हरीची होडी एका लाटेवर चढली, आडवी झाली, आणि द्वारकाबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोचला."

दोघेही जिवंत आले. हरीचा मेव्हणा शुद्धीवर नव्हता, त्याला शेकोटीजवळ ठेवून बायका अंग चोळत होत्या. संध्याकाळी त्याने डोळे उघडले. इकडे द्वारकाबाईंची बोटं उघडेनात. हेलनने एकेक बोट चोळून सोडवलं तेव्हा तळहातावर दुर्बिणीच्या कडा उमटल्या होत्या. हरी येऊन समोर उभा राहिला. वाकून त्याने त्यांच्या त्याच हाताला कपाळ टेकवलं. द्वारकाबाई लाजल्या. "अहो, मी पक्षी बघत होते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडू धरवेना म्हणून त्यांनी मुलींना तोंडीच चित्र शिकवलं. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही.

हेलन मायदेशी परतायला निघाली तेव्हा जर्मन दुर्बीण ती बाईंना देऊ लागली. बाई भेट घेईनात. अखेर अदलाबदल ठरली. बाईंनी किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या चित्रांची आपली वही तिला दिली. जाताना हेलन ती वही छातीशी धरून रडत होती, आणि बाई तिला पक्ष्यांची मराठी नावं नीट म्हणून दाखवत होत्या. पुढची तीन वर्षं बाईंनी उडते पक्षी पाहिले. त्यांच्या शेवटच्या वहीत एकही पक्षी जमिनीवर बसलेला नाही.

सफाळ्याला त्यांना अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घिवलीला निघाले. हरीला कुणीतरी सांगायला हवं होतं. वारा बेताचा, समुद्र शांत, मासेमारीला असा दिवस मिळत नाही. पण किनाऱ्यावर पोचले आणि थबकले. गावातल्या सगळ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. एकही पाण्यात नव्हती. जाळी गुंडाळलेली, शिडं उतरवलेली. बायका टोपल्या उपड्या घालून बसल्या होत्या. मला वाटलं, काही सण असेल. हरी उठून पुढे आला. मासळी घेऊन सफाळ्याच्या बाजारात बसणाऱ्या बायकांनी आदल्या दिवशीच बातमी आणली होती.

"आज कुणी गेलं नाही दर्यावर?" मी विचारलं.

हरी माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं असावं तसा. "घरातलं मानूस गेल्यावर," तो म्हणाला, "आमी कसं जानार, बाय?"