गोलघुमटाने ऐकलं

अर्णव, सई, काल तुम्ही लंडनच्या त्या मोठ्या चर्चमधून फोन केलात. घुमटाखालच्या भिंतीशी कुजबुजलं की पार पलीकडे ऐकू येतं, म्हणून हसत होतात. इथे पनवेलला मी फोन ठेवला आणि मला विजापूरचा गोलघुमट आठवला.

आमच्या आर्किटेक्चरच्या वर्गाची सहल होती. मुलांनी घुमट मोजायचा आणि आम्ही दोघी मुलींनी खाली बसून नक्षी काढायची, असं सरांनी ठरवलं होतं. तरीही आम्ही अंधारा, अरुंद जिना चढून वरच्या सज्जात गेलो. तिथे चुन्याचा आणि वटवाघळांचा वास कोंडला होता. गार भिंतीला टेकून मी शेजारच्या कुसुमला हळूच म्हणाले, "सर काहीही म्हणोत, घुमट मोजल्याशिवाय मी खाली उतरणार नाही."

सर अगदी समोरच्या टोकाला होते. क्षणभराने माझ्या कानामागची भिंत त्यांच्या आवाजात बोलली, "मग या, फीत धरा. मुलांना खाली बघून घेरी येतेय."

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज वाटतं, बरंच झालं. समोर उभं राहून हे बोलायला मला वर्ष लागलं असतं.

त्या दुपारच्या मोजमापांवरून मी काढलेला घुमटाचा नकाशा आपल्या घरात अजून लावलेला आहे.