हंडे घेऊन भांडायला गेलो होतो...

घाटकोपरला आमच्या चाळीखालचा रस्ता खचला, त्या आठवड्यातली गोष्ट. ऐंशीच्या दशकातला पावसाळा... रात्रभर असा कोसळला की सकाळी उतारावरचा रस्ता मधोमध बसला आणि त्याखालचा पाण्याचा मोठा पाइप तुटला. बाहेर पाणीच पाणी, आणि नळाला थेंब नाही.

शेजारच्या शेवंताकाकूंची लेक सुमन बाळंतपणाला आली होती. घरात तान्ही मुलगी, आणि पाणी म्हणजे पन्हाळीखाली धरलेलं गढूळ. ते उकळून उकळून रेशनचं रॉकेल संपत आलेलं... पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी तेव्हा सभा गाजवायचे. पाणी हा कुणाचा उपकार नाही, हे तेव्हाही ठणकावून सांगायचे, आजही सांगते. दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या सकाळी चाळीतल्या सगळ्या बायकांना गोळा केलं. हंडा मोर्चा, थेट वॉर्ड ऑफिसवर.

हंडा मोर्चाचंही एक शास्त्र असतं. हंडा रिकामा हवा, पितळेचा हवा आणि लाटण्याने बडवला की लांबवर घुमायला हवा. म्हणून मी अरुंद गळ्याचे हंडे-कळश्याच घ्यायला लावल्या. प्लास्टिकच्या बादल्या घरी... त्यांचा आवाज काय डोंबल येणार?

वाजतगाजत ऑफिसवर पोचलो, तर आत एकटा शिपाई. साहेब कुठायत विचारलं, तर म्हणाला, साहेब माणसं घेऊन सकाळीच तुमच्याकडे गेलेत. आम्ही वरच्या वाटेने निघालो होतो, ते खालच्या बाजूने आले होते... ज्यांना जाब विचारायला गेलो, ते आमच्याच चाळीच्या पायथ्याशी होते!

भर पावसात परत फिरलो. खचलेल्या रस्त्याच्या खड्ड्यात पालिकेची माणसं कमरेइतक्या चिखलात उभी. काठावरच्या तरुण इंजिनिअरने आमच्या हातातली लाटणी पाहिली.

"घोषणा द्या ताई, खुशाल द्या. फक्त काठावर उभ्या राहू नका, माती सुटतेय."

काम का अडलंय, असं मी चढ्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, पाइपचा नवा तुकडा बसवलाय, पण सांध्यात वितळवलेलं शिसं ओतायचं तर खड्डा कोरडा हवा. पंप गाळाने बंद पडलाय, दुसरा अंधेरीला अडकलाय, तिथेही हीच वाट लागलीय. माणसं घमेल्यांनी उपसतायत, पण जेवढं काढावं तेवढं पुन्हा झिरपतंय.

माझं भाषण तयार होतं. पावसाळ्याआधी रस्त्याखालची मोरी साफ केली असती तर रस्ता खचलाच नसता, इथपर्यंत पोचलेही होते... तेवढ्यात शेवंताकाकूंनी माझा दंड धरला.

"भाषाण मागसून कर गो बाय. आदी ह्या पाणी उपसूया."

आणि त्यांनी आपला हंडा खाली खड्ड्यातल्या पालिकेच्या मुकादमाच्या हातात दिला. बघता बघता खड्ड्यापासून उताराच्या कडेपर्यंत बायकांची रांग लागली. पण हंड्याचा गळा अरुंद... बुडबुड करत भरायलाच तयार नाही.

"ओ वैनी, हे भरेपर्यंत माझी पोरगी लग्नाला येईल," खालून मुकादम म्हणाला. "घरात बादल्या नाहीत का?"

सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं... दोघी हसत हसत बादल्या आणायला पळाल्या.

मग खरा वेग आला. हात भरून आले तसं आम्ही मोर्चाच्या घोषणेचाच ठेका धरला. वरून आम्ही ओरडायचो, "पाणी आमच्या हक्काचं!" आणि खड्ड्यातून पालिकेची माणसं जोडी द्यायची, "नाही कुणाच्या बापाचं!" स्वतःविरुद्धच्या मोर्चात इतका जीव तोडून घोषणा देणारी पालिका मी पुन्हा पाहिली नाही...

दुपार कलता खड्डा कोरडा झाला, शिसं ओतलं गेलं. संध्याकाळी नळ आधी खाकरला, मग वाहू लागला. तो इंजिनिअर चिखलाच्या पायांनी सुमनच्या दारापर्यंत आला, म्हणाला, सुरुवातीचं पाणी सोडून द्या, बाळासाठी दोन दिवस उकळूनच घ्या. नळाचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तो दारातून हलला नाही. काकूंनी त्याला चहा दिला... त्याच पाण्याचा, उकळून!

ते भाषण मी पुढच्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसच्या दारात केलंच. मोरीचा जाब विचारायचा तो विचारलाच, आणि एक शब्दही गाळला नाही. मुकादम मागे उभा राहून ऐकत होता, शेवटी टाळ्याही त्यानेच सुरू केल्या.

हे सगळं आज आठवलं, कारण काल सुमनच्या त्याच लेकीचा फोन आला. म्हणाली, मावशी, आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता खचलाय, पाणी बंद आहे, मोर्चा काढायचाय, तू बोलशील ना?

म्हटलं, बोलेन की. पण आधी खड्ड्यापाशी कोण उभं आहे ते बघून ये... आणि येताना बादल्या घे.