बहिरू पैलवानाचा हात

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ न्हाई म्हनत्यात. म्या घेते. बहिरू. वीस-पंचवीस वर्सं त्याचा मार खाल्लाय, तेवढा तरी हक्क झालाच की माजा.

भुकूमला आमचं घर हाय, पौड रस्त्यापास्नं वाईच आत. मागं डोंगर, म्होरं भाताची खाचरं. बहिरू तरनापनी कुस्त्या खेळायचा. जत्रंत दोन-चार कुस्त्या मारल्या आसतील, नारळ-फेटा मिळाला आसंल, पर तेवढ्यावर साऱ्या गावानं त्याला जलमभर 'पैलवान, पैलवान' करून डोक्यावर घेतला. तालीम सुटली, हात न्हाई सुटला. बैल आडला, हान बैलाला. कालवनात मीठ कमी पडलं, हान तुळजाला. तुळजा म्हंजी मी. येकदा कानाखाली असा दिला की आठ दिस कानात भुंगा गुनगुनत व्हता. येकदा चुलीतलं जळतं लाकूड घिऊन अंगावर आला. आमची गौतमी तवा सहा-सात वर्साची. ती मधी घुसली आन् तिच्या दंडाला चटका बसला. आन् गाव काय म्हनायचं? "पैलवानाचा हात हाय वो, जड आसनारच!" मुडदा बशिवला त्या हाताचा.

पोर दहावी झाली तशी म्या तिला नाशकाला माज्या बहिनीकडं धाडली. शिक्षान-बिक्षान सांगायला, खरं म्हंजी ह्या हातापास्नं लांब. ते अठ्ठ्यान्नव साल व्हतं. तिकडं ती वाइनच्या कारखान्यात कामाला लागली, शिकली, आन् सात वर्सांनी परत आली ती डोस्क्यात येक खूळ घिऊन. आमचा रस्त्याकडचा गोठा मोडून तितं खोली बांधायची. लोकांनी यायचं, बसायचं, पाच तऱ्हंची वाइन घोट-घोट चाखायची, आवडंल ती बाटली इकत न्यायची. माल नाशकासनं यायचा. परवान्यासाठी पोरीनं पुन्याला इतके हेलपाटे घातले की चपला झिजल्या. गाव काय, गावाला काय धंदा? पैलवानाच्या पोरीनं गुत्ता काढला म्हनून बोंबलत सुटलं.

दाराशी हुबा करायला तिनं बापालाच निवडलं. मला पटलं न्हाई. पर ती म्हनाली, "आये, मिशा बघ त्यांच्या. फेटा बांधला की शहरातली मानसं बघत ऱ्हात्याल." आन् व्हतं बी तसंच. दिसायला देखनाच हाय मेला.

पोरीनं समदं घोकून घेतलं त्याच्याकडनं. पाव्हना आला की आधी गूळ-पानी. मग बसायला जागा. मगच ग्लास. "तुमाला वाइनमधलं कळतं का?" असं कुनाला इचारायचं न्हाई. "ज्याला काय कळत न्हाई, त्याला हितं लाज वाटता कामा न्हाई, आबा. त्यो हसत गेला तर फुडल्या येळंला चार जनास्नी घिऊन येतुया." आन् आग्रह करायचा न्हाई. हे मातूर बहिरूच्या पचनी पडंना. पाव्हना 'बास' म्हनला आन् आपन बास केलं, ह्यात कसला पाहुनचार? त्यो आपला "घ्या की वो, घ्या की" करून बाटली उपडी करायला बघायचा आन् गौतमी लांबनं डोळे वटारायची.

पर येक गोष्ट पोर सांगायची इसरली. टेबलाखाली तिनं येक पितळी बादली ठेवली व्हती. बहिरूला वाटलं, हात धुवायची हाय.

पयल्याच म्हैन्यात अमोघ म्हनून येक साहेब आला. पुन्यातल्या मोठ्या हाटेलासाठी वाइन घ्यायचं काम त्याचं. त्याला पसंत पडलं तर हाटेलातले पाव्हने शनवार-रविवार आमच्याकडं धाडनार व्हता. गौतमीनं पाटेपास्नं झाडलोट केलती. साहेबानं ग्लास फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घेतला, खळखळ केला आन् पचकन बादलीत थुकला.

अगं बया! बहिरूचं डोळं लालबुंद. आपल्या दारात आलेल्या पाव्हन्याला आपल्या हातानं काय दिलं, आन् त्यो ते आपल्याच म्होरं थुकला, म्हंजी आईवरनं शिवी झाली की. गौतमी "आबा!" म्हनून धावली तवर हात बसला व्हता. साहेब खुर्चीसकट मागं पडला. दोन ग्लास फुटले. वरचा दात तुटून फरशीवर आला, आन् पांढऱ्या सदऱ्यावर जे लाल सांडलं त्यातलं रगत कुटलं न् वाइन कुटली ते कळंना. त्यो बिचारा तोंड धरून म्हनत व्हता, "अहो, असंच करतात! असंच करतात चव बघताना!"

हाटेल गेलं. साहेबानं तक्रार केली न्हाई, ते उपकार. सांजच्याला गौतमी फुटक्या काचा गोळा करत व्हती. उठून बापाम्होरं हुबी ऱ्हायली आन् म्हनाली, "आबा, आता आयका. तुमचा हात पुन्यांदा उठला, पाव्हन्यावर, आयेवर, कुनावर बी, तर म्या खोलीला कुलूप लावून नाशकाला जाईन. मेले तरी परत येनार न्हाई."

मला खोलीचं काय पडलं नव्हतं वो. पर पोर ग्येली की घरात मी आन् त्यो हात, दोघंच ऱ्हानार. मग माजी हाडं त्यो मोडूनच ठेवनार. म्या त्या राती देवाला येकच मागितलं, ह्या मानसाचा हात खाली ऱ्हाऊ दे.

आन् ऱ्हायला की! त्यानं येक युक्ती काढली. पाव्हने आले की ट्रे दोनी हातांनी धरायचा आन् सोडायचाच न्हाई. राग आला की बोटं पांढरी पडायची, ट्रे सुटायचा न्हाई. हिंजवडीची पोरंपोरी शनवारी गाड्या भरून यायला लागली. कुनी नागपूरचं, कुनी लातूरचं. आपल्या गावापास्नं लांब पडलेली. बहिरू त्यास्नी गूळ द्यायचा आन् सोताच बादली दावायचा, "हितं थुका, बिनधास्त. मला राग येत न्हाई." पोरं खदाखदा हसायची. म्या मागं पडवीत पाट्यावर चटनी वाटायची, भजी तळायची. दोन वर्सं माज्या अंगाला बोट लागलं न्हाई. खरं सांगते, दोन वर्सांत माजी झोप भरून निघाली.

मग सात सालच्या उन्हाळ्यात दिग्विजय आला. पलीकडच्या गावचा. बापानं जमीन इकली, पोरानं जीप घेतली, गळ्यात साखळी घातली, कामधंदा तेवढाच. सोबत तिघं. मंगळवारची दुपार, खोलीत कुनी नव्हतं. आधीच कुटंतरी ढोसून आलते. म्या पडवीत मिरच्या वाटत व्हते, दार उघडं व्हतं, समदं दिसत व्हतं मला.

"चार बाटल्या फोड," त्यो गौतमीला म्हनाला.

"हितं बसून प्यायला मिळत न्हाई. चाखायला देते. बाटली घरी न्या."

"मापानं पाजतीस व्हय गं आमाला? आमी काय भिकारी हाय?" आन् त्यानं फळीवर हात फिरवला. पाच-सहा बाटल्या खळाखळा टेबलावर आन् खाली फुटल्या. बहिरू ट्रे घिऊन मधी आला, "बसा की पाव्हनं, गूळ-पानी घ्या." दिग्विजयनं त्याच्या तोंडात मारली. फेटा उडाला. दुसरी मारली. वठ फाटला, मिशीतनं रगत गळाय लागलं. बहिरू जाग्यावरच. मला वाटलं, पोरीच्या शबुदासाठी गिळतोय. म्या मनात म्हनलं बी, शाब्बास रं.

तवर त्यानं गौतमीच्या केसांत हात घातला. टेबलावरनं तिला पुडं वढली. फुटक्या काचांवर तिचा तळहात आडवा-तिडवा फाटला. ती किंचाळली, "आबा! आबा, मारा त्याला!"

शबूद पोरीचा व्हता, तिनंच मोडला. आता कशाची वाट बगायची? पर बहिरू ट्रे धरून तसाच हुबा. पाय लटलट कापत व्हते. ट्रेमधले ग्लास येकमेकांवर वाजत व्हते. त्याच्या डोळ्यांत म्या बगितलं आन् मला कळालं. त्यो गिळत नव्हता. त्यो भ्यालता. बैलावर, बायकोवर, काडीवानी पुन्याच्या साहेबावर उठनारा हात, आज खरं मारनारा मानूस म्होरं आला तवा उठत नव्हता.

म्या कवा उठले मला ठावं न्हाई. हातात वरवंटा व्हता, मिरचीनं माखलेला. पयला घाव दिग्विजयच्या खांद्यावर बसला, तसे त्यानं केस सोडले. त्यो वळला. दुसरा जबड्यावर. कडकन आवाज झाला, वाळकं लाकूड मोडल्यावानी. त्यो खाली बसला. तिसरा कानशिलावर घातला तवा माज्या म्होरं दिग्विजय नव्हताच, दुसरंच तोंड दिसत व्हतं. कुनाचं ते सांगायला पायजे का? येकानं बाटलीचं तोंड माज्या मनगटावर मारलं, ते मला नंतर कळालं. गौतमीनं मला मागनं कवळा घातला म्हनून, न्हाईतर चौथा बसला असता आन् त्यो जागीच खपला असता. तिघांनी त्याला उचलून जीपमधी टाकला आन् पळाले.

मग बहिरूनं ट्रे हळूच खाली ठेवला. माज्या हातातनं वरवंटा काढून घेतला. पौडवरनं पोलीस आले तवा त्यो वट्यावर वरवंटा मांडीवर घिऊन बसलावता. "म्या मारलं," म्हनाला.

माजं काळीज पान्यावानी पातळ झालं वो. वीस-पंचवीस वर्सांचं सारं इसरून गेले. पर म्या खोटं कशी बोलू? "सायेब, म्या मारलं." हवालदार हसला. "बाई, आत जावा. हाताला पट्टी बांधा."

गौतमीनं सांगितलं, तर म्हनाले, पोरगी बापाला वाचवतीया. आन् दिग्विजय? जबडा तारंनं बांधलेला, येक कान कायमचा गेलेला, तरी त्यानं बोटानं खूण केली, पैलवान. त्याच्या तिघा दोस्तांनी बी तेच. कोर्टात बी तेच. बाईनं वरवंट्यानं लोळवला म्हनून सांगायची लाज त्यास्नी बी, आन् ह्यालाबी. दोनी बाजूंचे गडी येकाच खोट्यावर येक झाले. असं येकमत आमच्या तालुक्यात म्या दुसऱ्या कशावर बगितलं न्हाई.

म्या तुरुंगात भेटाय गेले तवा जाळीला तोंड लावून म्हनलं, "तुमी का भोगताय? म्या पुन्यांदा सांगते वकिलाला."

त्यो दात खाऊन म्हनाला, "गप ऱ्हा. बाईमानसानं मारलं आन् मी बगत हुबा ऱ्हायलो, हे गावाला कळालं तर मला तोंड दावायला जागा ऱ्हानार न्हाई. तुज्यासाठी बसलोय व्हय मी हितं?"

घ्या! मी येडी डोळे पुसत आलते. भाकरी-पिठलं नेलंवतं, ते त्याच्याकडं देऊन परत फिरले. यष्टीत बसल्यावर मला असा राग आला, असा राग आला, की शेजारची बाई सरकून बसली. उभ्या जलमात येकदा हात उचलला म्या. त्यो बी ह्या मानसानं आपल्या नावावर करून घेतला!

तीन वर्सं लागली त्याला. गौतमी नाशकाला गेली न्हाई. फळ्या नव्या ठोकल्या, तळहाताचे टाके निघाल्यावर खोली उघडली. दाराशी मी हुबी ऱ्हायले. गूळ-पानी मी देते, बादली मी दावते. सुरवातीला जीभ अडखळायची, मग पोरंच मला "काकू, ह्या वाइनला कसला वास येतो?" म्हनून इचारायला लागली. "तुमाला जो येतो त्योच खरा," म्हनायची मी, आन् त्यास्नी ते लई आवडायचं.

धा साली बहिरू सुटला. तालमीतला त्याचा दोस्त कुशाबा, त्यानं हलगी लावली, गुलाल उधळला. "पोरीच्या अब्रूसाठी गेलता पैलवान!" मला म्हनतो, "वहिनी, नशीब काढलंसा!" म्या भाकर-तुकडा ववाळून टाकला आन् दात आवळून गप ऱ्हायले.

पर ह्यो गप बसंना. पाव्हने आले की सुरू. पयले गौतमीनं दुर्लक्ष केलं, मग म्या. येका रविवारी खोली गच्च भरलीवती. म्या भज्याचं ताट घिऊन आत आले तर बहिरू मधोमध हुबा, मनगटावरनं बाही सारून. "त्यानं माज्या पोरीला हात लावला, आन् म्या असा येकच ठोसा दिला..." पोरं ग्लास हातात धरून आ वासून आयकत व्हती.

"किती ठोसे दिले वो?" म्या इचारलं. "आन् कशानं?"

पोरं हसली. बहिरूचं तोंड काळंठिक्कर. आन् हात वर ग्येला, साऱ्यांदेखत. खांदा आधी कसा हालतो, बोटं कशी मिटत्यात, मला डोळे झाकून ठावं हाय. गौतमी टेबलामागनं धावली. म्या तिला आडवली.

"हाना की," म्या म्हनलं. "त्या दिशी हीच पोर 'आबा, मारा' म्हनून वरडत व्हती, तवा ह्यो हात कुटं ठेवलावता?"

म्या पाव्हन्यास्नी सांगितलं, "वरवंटा माजा व्हता. तीन घाव माजे. ह्यो ट्रे धरून कापत हुबा व्हता. पायजे तर त्याला इचारा, मी हितंच हाय." आन् त्याच्या डोळ्यांत बगत ऱ्हायले. हात तसाच वर. मग त्यो हळूहळू खाली आला. त्यानं बाही सारखी केली आन् भाईर बाजंवर जाऊन बसला.

म्या भजी वाढली. पोरांनी त्या दिशी बाटल्या बी लई नेल्या.

तवापास्नं त्यानं माज्यावर हात उचलला न्हाई. मी आत आले की उठून जागा देतो, आवाज चढला तर सोताच गिळतो. आता भ्या त्याला वाटतं. आन् खरं सांगू? मला ते लई आवडतं.