खड्यांची बरणी

आमच्या कॉलनीचं ग्राहक सहकारी भांडार एका दाढेमुळे निघालं. दाढ माझ्या सासूबाईंची होती. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलेल्या तूरडाळीतला खडा त्यांच्या दाताखाली आला आणि दाढेचा टवका उडाला. दुसरी एखादी बाई वाण्याशी भांडली असती आणि गप्प बसली असती. सासूबाई भांडल्या, पण गप्प बसल्या नाहीत. आमच्या कॉलनीत बहुतेकींचे नवरे सातपूरच्या कारखान्यांत कामाला होते. त्यांतल्या वीसेक बायकांच्या घरी जाऊन सासूबाईंनी तोंड उघडून दाढ दाखवली. वर्षाच्या आत भांडाराची नोंदणी झाली. सहकाराचा इतिहास लिहिणारे थोर पुरुषांपासून सुरुवात करतात. आमचा दाढेपासून सुरू होतो, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

मी या घरात सून म्हणून आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. तोवर भांडार चांगलं रुळलं होतं. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि फळ्या, मागच्या खोलीत पोती. कांदा विंचूरहून टेम्पोनं यायचा. तांदूळ आणि नागली पेठकडच्या डोंगरातलं एक शेतकरी जोडपं घेऊन यायचं. तांदळात खडे असायचे. सासूबाईंनी त्यावरून टोकलं की त्या जोडप्यातला नवरा शांतपणे म्हणायचा, "लय नाय, ताई. डोंगर हाय, थोडा तं येनारच." सासूबाई पोती मोजायला लागायच्या. त्यांना गप्प करणारी माणसं जगात फार थोडी होती.

म्हणून भांडारातलं सगळं धान्य निवडूनच विकायला ठेवलं जायचं. दर गुरुवारी दुपारी, पाळी असलेल्या घरच्या बायका मागच्या खोलीत सतरंजीवर बसून धान्य निवडायच्या आणि रद्दीच्या कागदी पिशव्यांत किलोकिलोनं भरायच्या. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाकायची. तिच्यावर धान्याचं नाव, महिना आणि निवडणाऱ्या घराचा नंबर. कुणाला जेवताना खडा लागला, तर तो त्याच चिठ्ठीत गुंडाळून भांडारात परत आणायचा. मग आमच्या सचिवबाई, ज्या शाळेत शिकवायच्या आणि रागावल्या की आणखी हळू बोलायच्या, त्या चिठ्ठीच्या पाठीमागे तो कुणाच्या हातून सुटला ते लिहायच्या आणि पुडी काउंटरवरच्या काचेच्या बरणीत टाकायच्या. बरणी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशीच ठेवलेली होती. वर्षात एकीचे तीन खडे झाले की तिची निवडण्याची पाळी बंद. मग वर्षभर बाहेर व्हरांड्यात बसून खळीनं पिशव्या चिकटवायच्या. हा नियम सासूबाईंनी केला होता.

त्या स्वतः पाळी असो वा नसो, दर गुरुवारी हजर असायच्या आणि मला शेजारी बसवायच्या. खिडकीखालचा पाट त्यांचा. फक्त द्राक्षांच्या दिवसांत, माघ महिन्यात, त्या लेकीकडे पिंपळगावला जायच्या, तेव्हा आमच्या घराचं काम मी एकटीनं करायचं. आमच्या घराचा नंबर तेवीस. तेवीस नंबरचा एकही खडा बरणीत नव्हता, आणि घरी आलेल्या पाहुण्याला हे पाण्याच्या पेल्याबरोबरच सांगितलं जायचं.

माझ्या लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा दिवाळीनंतर पहिला खडा आला. तूरडाळीतला. सचिवबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तेवीस नंबर. सासू की सून?" सासूबाईंनी खडा तळहातावर घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा माझ्या हातून सुटणं शक्य नाही. सून लिहा." मी मागे तेलाचा डबा धरून उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही. सचिवबाईंनी 'सून' असं लिहिलं आणि पुडी बरणीत पडली.

माझा राग नाकावर असतो, हे मी कधी लपवलेलं नाही. चार दिवस मी सासूबाईंशी बोलले नाही. नवरा इकडचे निरोप तिकडे पोचवत होता. त्यात स्वतःच्या पदरचं काही घालत नव्हता, हा त्याचा गुण.

पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "पेपर जरा मोठ्यानं वाचून दाखव. तुझा आवाज छान आहे." इतक्या वर्षांत त्या घरात माझ्या आवाजाबद्दल एकच गोष्ट बोलली गेली होती, ती म्हणजे 'हळू बोल'. मला तिथेच संशय आला. मी पेपर वाचून दाखवला, आणि त्या गुरुवारी मात्र डोळ्यात तेल घालून त्यांच्याकडे बघत बसले. त्यांची मान भिंतीकडे होती. हात ताटात फिरत होते. त्या बोटांनी निवडत होत्या. गोल खडा बोटांना लगेच कळायचा, पण डाळीसारखा चपटा खडा कळत नव्हता. माझ्या देखत त्यांनी डाळीचे तीन चांगले दाणे फेकले आणि एक खडा जपून ठेवला.

राग गेला. त्या जागी भीती बसली, ती जास्त वाईट होती. सासऱ्यांच्या पश्चात या बाईला घरात नातवंडं होती, टीव्ही होता, आम्ही होतो. पण तिचं म्हणावं असं जे काही होतं ते त्या खिडकीखालच्या पाटावर होतं. आणि तिथून तिला उठवणारा नियम तिनंच लिहून ठेवला होता.

मी भीत भीत डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय काढला.

"मला दिसतं," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही बघत नाही. चाचपता."

"माझ्या हाताला दिसतं. आणि डॉक्टरकडे गेलं की तो मोतीबिंदू सांगणार. भांडारात कळलं की सगळ्या म्हणणार, काकू, आता तुम्ही आराम करा. हे गेल्यापासून मी आरामच करतेय. गुरुवारी तेवढं काम करते."



मग मी माझं ताट लवकर उरकून त्यांच्या ताटात हात घालायला लागले. कधी त्या हातावर चापटी मारायच्या. सगळंच काही सापडायचं नाही. संक्रांतीच्या सुमाराला मूगडाळीतला खडा परत आला. सचिवबाईंनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "सून." होळीच्या आसपास उडदातला आला. तेव्हाही मी हातातली पिशवी खाली न ठेवता म्हटलं, "सूनच लिहा." माझ्या हातून खडा सुटत नाही याची मला पक्की खात्री होती. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी धान्य कसं निवडतात यावर मला अर्धा तास सुनावलं. मी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात एवढी गप्प मी कधी बसले नव्हते.

हात दाखवून अवलक्षण कसं ते मला पुढच्या गुरुवारी कळलं. वर्षात तीन खडे झाले होते. नियमाप्रमाणे माझी रवानगी व्हरांड्यात झाली, पुढ्यात रद्दी आणि खळीचं पातेलं. आत पाटावर सासूबाई एकट्या, आणि त्यांच्या ताटात हात घालायला कुणी नाही. त्यांना वाचवायला गेले आणि वाचवणारीलाच बाहेर काढून बसले. मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "मग आता?"

आता काय, वाट बघायची. चैत्र गेला, वैशाख गेला. रोज वाटायचं, आज कुणीतरी पुडी घेऊन येईल आणि सचिवबाई सासूबाईंना सगळ्यांसमोर विचारतील. तेवीस नंबरचा एकही खडा आला नाही. मला ते पटेना. व्हरांड्याची खिडकी मागच्या खोलीतच उघडत होती, म्हणून एका गुरुवारी मी पिशव्या बाजूला ठेवून आत डोकावले.

सासूबाईंच्या डाव्या हाताला बसलेल्या सचिवबाई विचारत होत्या, "काकू, गोड्या मसाल्यात खोबरं आधी भाजायचं की दगडफूल?" सासूबाईंनी ताट खाली ठेवलं आणि मान तिकडे वळवून सविस्तर सांगायला घेतलं. तेवढ्यात उजवीकडच्या बाईनं त्यांचं ताट ओढून आपलं निवडलेलं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. पिशवी भरली गेली, चिठ्ठी तेवीस नंबरचीच पडली. पुढच्या गुरुवारी तोच प्रश्न दुसरीनं विचारला. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिसरीनं. उत्तर दर वेळी तेच आणि तेवढंच लांब.

"या बायकांचे एवढे संसार झाले आणि अजून मसाला भाजता येत नाही," सासूबाई घरी आल्यावर काळजीनं म्हणायच्या. "कसं व्हायचं गं यांचं?"

मी सचिवबाईंना एकटं गाठलं. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या खड्यापासून."

"मग सून का लिहिलंत?"

"काकूंनी सांगितलं म्हणून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि वहिनी, तुम्ही तरुण आहात. तुम्हाला झेपतं."

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. त्यातलं ओलं कोण हे मला समजलं. पण त्या दिवशी घरी येताना मला त्या सगळ्या बायका आपल्या वाटल्या, ज्यांच्याशी तोवर मी नळाच्या पाण्यावरून एकदा तरी भांडले होते.

वर्ष संपल्यावर मी आत परतले. ताटांची अदलाबदल पुढे काही वर्षं चालली. आणि मग भांडारच संपलं. तशी कुणाची चूक नव्हती. हायवेला मोठं वातानुकूलित दुकान निघालं. तिथे ढकलगाडी घेऊन फिरायचं, धान्य मशीनवर साफ केलेलं, पिशवीत चिठ्ठी नाही. कॉलनीतल्या सुना नोकऱ्या करायला लागल्या, त्यांना गुरुवारची दुपार मोकळी मिळेना. सतरंजीवर सहाच्या चौघी झाल्या, मग तिघी. सासूबाई, सचिवबाई आणि मी. मसाल्याचा प्रश्न आता मलाही विचारावा लागे, आणि मी तो घरच्या घरी का विचारत नाही, असं सासूबाईंनी मला एकदा विचारलं.

शेवटच्या सभेत भांडार बंद करायचा ठराव सासूबाईंनीच मांडला. "ज्यांच्यासाठी निवडायचं त्याच येत नाहीत," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळलं नाही. दोन्ही खोल्या व्यायामशाळेला गेल्या, तराजू शाळेनं नेला. बरणी कुणालाच नको होती. ती मी घरी आणून माळ्यावर ठेवली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जायचं?" म्हणजे त्यांना ठाऊक होतं. डोळ्यांचं सगळं ठाऊक होतं, फक्त भांडार असेपर्यंत जायचं नव्हतं. भांडार बंद झालं तेव्हा मी रडले नव्हते. या प्रश्नावर मात्र मला रडू आवरेना, आणि मी कांदा नसताना कांद्याचं निमित्त सांगितलं.

ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुझे केस पिकले की गं." मग घरातल्या जळमटांबद्दल बोलल्या. आठवडाभर त्यांनी घरातली प्रत्येक गोष्ट बघितली आणि प्रत्येकीत काहीतरी काढलं. अशीच एक दिवस नजर माळ्याकडे गेली आणि त्यांनी बरणी खाली काढायला लावली.

जमिनीवर पेपर पसरून त्यांनी पुड्या ओतल्या. नंबर बघत बघत तेवीसच्या वेगळ्या केल्या. तीन निघाल्या. त्यांनी एकेक उघडून पुढून वाचली, पाठीमागून वाचली. तिन्हींवर सचिवबाईंच्या ठसठशीत अक्षरात 'सून' होतं.  मी उगाच ओटा पुसत राहिले.

"पेन दे," त्या म्हणाल्या.

तूरडाळीच्या चिठ्ठीवरचं 'सून' त्यांनी सरळ रेघ मारून खोडलं आणि खाली 'सासू' लिहिलं. मूगडाळीच्या चिठ्ठीवरही तसंच केलं. माझ्याकडे बघितलं नाही.  मी म्हणणार होते, राहू दे हो आई, आता काय त्याचं.

तिसऱ्या चिठ्ठीवर पेन थांबलं.

"हा उडीद माघातला आहे," त्या म्हणाल्या. "माघात मी पिंपळगावला होते."

मी चिठ्ठी हातात घेऊन बघितली. महिना लिहिलेला होता. अक्षरही माझंच होतं. इतकी वर्षं मोठ्या मनानं अंगावर घेतलेल्या तीन खड्यांतला एक माझाच होता, आणि तो घेताना मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

ती चिठ्ठी त्यांनी खोडली नाही. पेनाला टोपण लावलं. मग उठून फडताळातलं हायवेच्या दुकानातलं उडदाचं पाकीट आणलं, फोडून ताटात ओतलं आणि तिन्ही खडे त्यात टाकून वरून हात फिरवला. ताट माझ्यापुढे सरकवलं.

"शोध," त्या म्हणाल्या.

मी चष्मा आणायला उठले.