एक्केचाळीस नंबरचा खांब

आलेदा वेसेलिंकबद्दल शेजारी म्हणत, "या बाईला स्वर्गात पाठवलं, तरी आधी तिथले खांब हलवून बघेल." सायकलवाटेवरचे नंबराचे खांब सांभाळण्याचे बिनपगारी काम एकोणीस वर्षे तिच्याकडे होते. दर फाट्यावर असा एक खांब, आणि त्यावर पुढच्या नंबरांची वाट दाखवणाऱ्या पाट्या. पाना, फडके आणि बादली घेऊन ती माळावरून, रानातून, जुन्या जहागिरींच्या झाडीतून फिरे आणि पाट्यांवरचे शेवाळ खरवडून काढी.

थोरला भाऊ हार्म तिच्याजवळच राहत असे. अलीकडे त्याला माणसांची नावे आठवत नसत. पण सायकलच्या हँडलला अडकवलेल्या चिठ्ठीतले आकडे पाटीशी ताडून पाहत तो रोज दुपारी फेरा मारी: तेवीस, एक्केचाळीस, बेचाळीस, पुन्हा तेवीस. चारच्या कॉफीला तो हजर असे.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी साडेचार झाले, अंधारू लागले, कॉफी निवून गेली. तेवढ्यात फाटकाशी दोन परके सायकलस्वार थांबले.

"काय हो बाई, तुमचा बेचाळीस नंबर पळून गेला की काय? एक्केचाळीसवरून पाटी सांगते तसे निघालो, तर पोचलो डबक्यांच्या माळावर!"

आलेदाच्या लक्षात आले. सकाळी तिने त्या खांबावरच्या दोन्ही पाट्या उतरवून धुतल्या होत्या. परत बसवताना शेजारीण विल्मिना गप्पांना थांबली होती, आणि पाट्यांची अदलाबदल झाली होती.

ती तशीच निघाली. एक्केचाळीसच्या खांबाशी येताच सायकल सवयीने उजवीकडे, बेचाळीसच्या खऱ्या वाटेला वळली. तिने करकचून ब्रेक दाबला. ही वाट तिच्या पायांना पाठ होती, हार्मला नव्हती. तो पाटी सांगेल तिकडेच गेला असणार. ती डावीकडे वळली.

माळावर धुके उतरले होते. वाटेच्या दोन्ही अंगांना काळे पाणी होते. त्यात तरंगणारा प्रत्येक ओंडका तिला माणसाच्या पाठीसारखा दिसे. "हार्म!" तिने हाक मारली. पुढे ओल्या वाळूत चाकाची एक रेघ सरळ पाण्याकडे उतरत होती. आलेदा गुडघ्यांवर बसली. बराच वेळ तिला मान वर करवेना. मग दिसले, रेघ काठाकाठाने जाऊन पलीकडे पुन्हा वाटेला लागली होती.

रेघ संपली तिथे जहागिरीचे फाटक होते, सताड उघडे. बाहेर सायकल स्टँडवर लावून हार्म उभा होता. त्याचे ओठ निळे पडले होते.

"अरे, इथे काय करतोयस?"

"ओरडू नकोस. सूर्यास्तानंतर आत जायचं नाही, असं फाटकाच्या पाटीवर लिहिलंय. उजाडायची वाट बघतोय."

"थंडीने मेला असतास!"

"पाटीवर तसं काही लिहिलेलं नाही," हार्म म्हणाला.

शनिवारी विल्मिना कुंपणाशी आली. "काढून घे बाई आता त्याची सायकल. पुढच्या खेपेला पाण्यातून ओढून काढावा लागेल."

 आलेदाने खिशातला पाना काढून कुंपणावर ठेवला.

"तो पाटी सांगेल तसा गेला. पाटी मी चुकवली. काढूनच घ्यायचं असेल, तर हा घे."