दौलू फिटर आणि तलावातलं विमान

दौलू फिटर यंत्राला आधी हात लावत नसे, कान लावी. विहिरीवरचं इंजिन असो की उसाचा चरक, डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "जित्तं हाय. उगं रुसलंय." दुसऱ्या महायुद्धात तो विमानदलात फिटर होता. युद्ध संपलं तसा इस्लामपूरकडच्या आमच्या गावी परत आला. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो.

आमच्या तलावात एक विमान पडलेलं होतं. युद्धाच्या दिवसांत सराव करताना ते कोसळलं. आतले दोघं पोहत काठाला लागले, आणि लष्करानं विमान तिथंच सोडून दिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचा सांगाडा उघडा पडे. एका वर्षी मोडीचा व्यापारी मामलेदारांची परवानगी काढून ते तोडून न्यायला आला. गावाची हरकत नव्हती. तलाव मोकळा होणार होता.

दौलू एकटा आडवा गेला. मला म्हणाला, "गुरुजी, लढाईची इमानं सगळ्यास्नी ठावं हायत. ह्ये शिकाऊ हाय. ह्यात बसून पोरं उडाय शिकली. शाळाच हाय ही. तुमी तरी अर्ज लिवा."

मी लिहिला. मामलेदारांनी आठ दिवसांनी स्वतः येऊन बघायचं कबूल केलं. व्यापारी हसला. "गंजक्या नळ्या हायत, फिटर. बघायचं काय त्यात?"

"जित्तं हाय त्ये. सायबांफुडं हाललं न्हाई, तर मी सोता करवत घिऊन तोडून दितो," दौलू म्हणाला.

आठ दिवस तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता. गाळ उपसला, तारा घासल्या, सांध्यांना तेल पाजलं. मला मात्र आशा नव्हती.

मामलेदार आले. गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत बसवून, ती होडीसारखी ढकलत आम्ही त्यांना विमानापाशी नेलं. दौलूनं त्यांना मागच्या जागेवर बसवून हातात विमान चालवायचा दांडा दिला. स्वतः पुढं बसला.

"सायेब, फुडं मास्तर, मागं शिकणारा. दोनी दांडं एकमेकाला जोडल्यात. धरा."

त्यानं आपला दांडा ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. करकर आवाज झाला, मामलेदारांच्या हातातला दांडा पोटाकडं सरकला, आणि शेपटीची आडवी फळी पाणी निथळत वर उचलली गेली. काठावर बसलेलं गाव उभं राहिलं.

"आता मी सोडला," दौलू दोन्ही हात वर करून म्हणाला. "आता तुमी."

मामलेदारांनी एकट्यानं दांडा ढकलला, ओढला. फळी खाली गेली, वर आली. त्या कडक माणसाला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. बराच वेळ ते उतरेचनात. काठावर आल्यावर व्यापाऱ्याला म्हणाले, "गाड्या परत न्या. हे इथंच राहील."

गावानं हलगी लावून दौलूला चावडीपर्यंत नेलं. तो लाजून म्हणत होता, "आरं, मला कशाला? त्या इमानाफुडं वाजवा की."

दौलू आता नाही. तो असेतोवर दर उन्हाळ्यात मी वर्ग तलावावर नेई आणि तो पुढच्या जागेवर बसून मुलांना दांडा धरायला देई. पहिल्याच खेपेला मला म्हणाला होता, "धराय कुणीबी शिकतंय, गुरुजी. कवा सोडायचा, ह्ये मास्तरला कळाय पायजे."

तोवर मी पोरांचा हात धरून अक्षरं गिरवून घ्यायचो. दुसऱ्या दिवशी मी हात सोडला.